गोचिडीचं औषध निवडताना आधी घराकडे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांच्या पानावर कुत्र्यांच्या गोचिडींसाठी जे घरगुती उपाय छापून आलेत ते वाचून हे पत्र लिहायला बसले. लसूण खाऊ घाला, रॉकेलचा बोळा फिरवा, टी ट्री ऑइल चोळा, आणि अगदी शेवटच्या ओळीत "फरक न पडल्यास डॉक्टरांना दाखवा". म्हणजे आधी सगळे उद्योग करून बघायचे आणि कुत्रं आडवं पडलं की मग डॉक्टर. मी एका प्राणी निवाऱ्यात मदतीला जाते, घरीही कुत्री आहेत, त्यामुळे या विषयावर कुणी ना कुणी सारखं काहीतरी विचारतच असतं आणि असल्या याद्या वाचून आलेली माणसंही बघते. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. लांबलं तर खुशाल कापा, पण मांजराचा भाग पुढे येईल तो प्लीज कापू नका.

आधी त्या यादीचंच बघू. लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, एकदम जास्त दिला किंवा रोज थोडा थोडा देत राहिलात तरी अ‍ॅनिमिया होऊ शकतो. आणि गोचिडीतून येणारा बबेसिया नावाचा परजीवी नेमकं तेच काम करतो, तांबड्या पेशींत शिरतो आणि त्या फोडतो. मग ज्या कुत्र्याच्या अंगावर गोचिडी आहेत त्यालाच लसूण चारायचा, हा काय प्रकार आहे? टी ट्री ऑइल कातडीतून आत जातं, वर कुत्रं ते चाटतं, आणि मग थरथर, तोल जाणं, गळून पडणं असं सगळं सुरू होतं, बाटलीतलं निव्वळ तेल लावलं तर फारच वाईट. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटताना फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया. नैसर्गिक आहे म्हणजे निरुपद्रवी आहे असं लोकांना का वाटतं मला कळत नाही, सापाचं विषही नैसर्गिकच असतं की.

असो. लोक मला विचारतात, "सगळ्यात स्ट्राँग औषध कोणतं?" आणि मी उलट विचारते की कुत्रं झोपतं कुठे, घरात मांजर आहे का, आंघोळ किती वेळा घालता, वजन किती, त्याला कधी फिट आली होती का. एवढी उत्तरं मिळाली की निम्मं औषध तिथेच ठरतं. पण बहुतेकांना हे प्रश्न म्हणजे टाळाटाळ वाटते, त्यांना फक्त एक नाव हवं असतं.

गोचीड हा नुसता कुत्र्याच्या अंगावरचा प्रश्न नाहीच मुळी. जगात कुत्र्यांवर सगळ्यात जास्त पसरलेली जी तपकिरी गोचीड आहे, शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनिअस, तिची सगळी पिढी घराच्या आत तयार होऊ शकते, तिला गवत किंवा जंगल लागत नाही. अंड्यातून सहा पायांची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी अळी निघते, ती कुत्र्यावर चढते, काही दिवस रक्त पिते आणि खाली पडते. मग कुठेतरी फटीत बसून कात टाकते आणि आठ पायांची होते, परत चढते, पिते, पडते, परत कात टाकते आणि मग मोठी गोचीड होऊन तिसऱ्यांदा चढते. मादी आठवडाभर किंवा जास्तच पीत बसते, फुगून राखाडी होते, अगदी एरंडाच्या बीसारखी दिसते, आणि मग खाली पडून भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, पडद्याच्या घडीत जाऊन चार-पाच हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते. हवा उबदार असेल तर हे सगळं चक्र दोनेक महिन्यांत पुरं होतं, आणि कुत्रं मिळालं नाही तर मोठी गोचीड उपाशीपोटी वर्षाहून जास्त तग धरू शकते. म्हणजे हिशोब करा, तुम्हाला कानामागे चार दिसल्या तर बाकीच्या कुठे आहेत? घरात. तुम्ही कुत्र्याला घासून पुसून लख्ख करताय आणि भिंतीतून नव्या चढतायत, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी!

एकदा कुणाच्या तरी कुत्र्याच्या कानाची पाळी उलटी करून नीट बघा, बॅटरी घेऊन. फुगलेली मादी लगेच दिसते, पण चिमट्याने ती जरा बाजूला केली की तिच्या पोटाखाली चपटा, तांबूस-तपकिरी नर चिकटून बसलेला असतो, आणि पाळीच्या आतल्या घडीत बारीक बारीक पिल्लं, जी लोक मळ समजून पुसायला जातात. बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी, पापणीच्या कडेला, या सगळ्या जागा बघायच्या. पाठीवरून हात फिरवून "नाहीयेत हो" म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

आता औषधांकडे येते. हल्ली सगळ्यात जास्त चालतात त्या चघळायच्या गोळ्या, आयसोक्साझोलीन नावाच्या गटातल्या. खोक्यावर मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव असतं, नेक्सगार्ड, ब्रॅव्हेक्टो, सिम्पारिका, क्रेडेलिओ वगैरे, पण खाली बारीक अक्षरात मूळ औषध असतं ते वाचायचं, अनुक्रमे अफॉक्सोलनर, फ्लुरालनर, सॅरोलनर, लॉटिलनर. या गटातली पहिली औषधं बाजारात आली २०१३-१४ च्या सुमारास. बाकीच्यांचा डोस महिन्याला, फ्लुरालनरचा एक डोस साधारण १२ आठवडे चालतो, तरी गोचिडीच्या जातीप्रमाणे ती मुदत कमी असू शकते म्हणून लेबल बघा. फ्लुरालनर आणि लॉटिलनर भरल्या पोटीच द्यायच्या नाहीतर औषध पुरेसं अंगात शोषलं जात नाही, आणि मग लोक म्हणतात गोळी बोगस निघाली. या गोळ्यांचा मोठा फायदा म्हणजे कुत्र्याला धुवा, तळ्यात पोहू द्या, काही फरक पडत नाही, आणि घरातल्या लहान मुलांनी कुत्र्याला मिठी मारली तरी हाताला औषध लागत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर घरात पिढ्या तयार झालेल्या असतील तेव्हा मी आधी या गोळ्यांचंच नाव घेते.

पण दोन गोष्टी लपवून ठेवू नयेत. एक, गोळी गोचिडीला चावण्यापासून थांबवत नाही, ती चावली आणि रक्ताबरोबर औषध तिच्या पोटात गेलं की मग मरते, आणि त्याला काही तास ते एक-दोन दिवस लागतात. तेवढ्या वेळात रोग शिरू शकतो का? गोचिडीतूनच पसरणाऱ्या लाइम रोगाच्या जंतूला शिरायला बहुतेक वेळा २४ तासांच्या वर लागतात त्यामुळे तिथे गोळी बऱ्यापैकी वाचवते, पण अर्लिकिया, म्हणजे ज्याला सगळे टिक फिव्हर म्हणतात त्याचा मुख्य जंतू, काही तासांतही शिरू शकतो. धोका खूप कमी होतो हे खरं, शून्य होत नाही. दोन, सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, या पूर्ण गटाबद्दल इशारा दिला की काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं, फिट असे त्रास झालेत, काहींना तर आधी कधीच फिट आलेली नव्हती. त्याच इशाऱ्यात हेही म्हटलंय की बहुतेक कुत्र्यांना ही औषधं सुरक्षित आहेत. लोक एकतर पहिलं वाक्य फॉरवर्ड करतात नाहीतर दुसरं. फिट येणारं कुत्रं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ते दुसरा मार्ग सुचवतील, एवढा सरळ अर्थ आहे त्याचा.

दुसरा प्रकार म्हणजे मानेवर टाकायचे थेंब, स्पॉट-ऑन. यात फिप्रोनिल जुनं आणि ओळखीचं आहे. ते कातडीतल्या तेलग्रंथींत साठतं आणि तिथून अंगभर पसरत राहतं, म्हणून टाकण्याच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालायची नाही. इथे गंमत अशी होते की लोक थेंब टाकायचे म्हणून आधी कुत्र्याला शॅम्पूने चकचकीत धुतात, कातडीवरचं तेल गेलं, मग औषध पसरणार कशातून? आणि थेंब केसांवर टाकतात, केस बाजूला करून कातडीवर टाकायचे असतात, खांद्यांच्या मधोमध, जिथे जीभ पोचत नाही. दर आठवड्याला आंघोळ घालायची सवय असेल तर स्पॉट-ऑनच्या वाटेला न गेलेलं बरं. शिवाय काही ठिकाणच्या तपकिरी गोचिडी परमेथ्रिनसारख्या जुन्या औषधांना दाद देत नाहीत असं आढळलेलं आहे, म्हणजे थेंब नीट टाकूनही उपयोग होत नसेल तर तेच औषध पुन्हा पुन्हा टाकत बसण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून वेगळ्या गटातलं औषध घ्यावं.

आणि आता तो मांजराचा भाग. काही स्पॉट-ऑनमध्ये परमेथ्रिन असतं, बऱ्याचदा इमिडाक्लोप्रिडबरोबर. कुत्र्याला ते चालतं आणि त्याचा फायदा असा की गोचीड चावायच्या आधीच दूर पळते. पण मांजराच्या लिव्हरला परमेथ्रिन मोडून बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे कुत्र्याचं औषध मांजरावर टाकलं की काही तासांत थरथर, मग फिट, आणि उपचार मिळाले नाहीत तर मरण. "कुत्रं दहा किलोचं आहे, मांजर चार किलोचं, म्हणून अर्धे थेंब टाकले" असं सांगणारी माणसं भेटतात, अहो अर्धे पण नाही, एक थेंब पण नाही. आणि मांजरावर टाकलं नसलं तरी कुत्रं आणि मांजर एकमेकांना चिकटून झोपत असतील, मांजर कुत्र्याला चाटत असेल, तर थेंब सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवलंच पाहिजे, खरंतर अशा घरात परमेथ्रिन आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, दुसरी इतकी औषधं आहेत. चुकून लागलंच तर वाट बघत बसू नका, भांड्यांच्या साध्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा आणि तसंच उचलून डॉक्टरांकडे न्या. घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्यावर अजिबात नाही, ते सशाला विषारी आहे.

पट्टे, म्हणजे कॉलर. फ्लुमेथ्रिन आणि इमिडाक्लोप्रिडचा पट्टा सात-आठ महिने काम करतो, डेल्टामेथ्रिनचेही पट्टे मिळतात. ज्यांना तारखा लक्षात राहत नाहीत त्यांना पट्टा चांगला. फक्त तो कातडीला टेकायला हवा, दोन बोटं आत जातील इतपत घट्ट, शोभेचा हार घातल्यासारखा लोंबकळता कामा नये, आणि उरलेलं टोक कापून टाकायचं नाहीतर घरातलं दुसरं कुत्रं ते चघळत बसतं. वारंवार भिजला तर मुदत कमी होते. पट्ट्याखालची कातडी मधून मधून बघायची, काहींना तिथे लाली येते, केस जातात. आणि जिथे रांगतं मूल कुत्र्याच्या गळ्यात पडून असतं तिथे पट्ट्यापेक्षा गोळी बरी.

गोचिडीच्या शॅम्पूंबद्दल फार लिहीत नाही. त्या दिवशी अंगावर असलेल्या काही मरतात, दुसऱ्या दिवशी नव्या चढतात.

पण ज्याची मला खरी धास्ती वाटते ते म्हणजे गाई-म्हशींची औषधं कुत्र्याला लावणं. जनावरांच्या गोचिडींसाठी जे जहाल द्रावण मिळतं, अमिट्राझ, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांचं, ते स्वस्त पडतं आणि एका बाटलीत चार-पाच कुत्र्यांचं काम होतं म्हणून लोक अंदाजाने, झाकणाने मोजून बादलीत ओततात. अमिट्राझ हे कुत्र्यांसाठीही वापरतात हे खरं आहे, पण कुत्र्याचं प्रमाण वेगळं असतं, ते ताजं कालवायचं असतं, उरलेलं ठेवून पुढच्या आठवड्यात वापरायचं नसतं, हातात मोजे घालायचे असतात, आणि कुत्र्याच्या अंगावर जखमा असतील तर लावायचंच नसतं. जास्त झालं की कुत्रं सुस्त पडतं, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तातली साखर वाढते, म्हणून डायबेटिस असलेल्या कुत्र्याला ते नको, चिवावासारख्या चिमुकल्या जातींना नको, मांजराला तर नकोच नको. तसंच आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचं. कोली, शेटलँड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींत एमडीआर१ या जनुकात बिघाड असू शकतो, त्यामुळे औषध थेट मेंदूत जाऊन साठतं आणि कुत्रं आंधळं होणं, कोमात जाणं इथपर्यंत मजल जाते. हा बिघाड २००१ मध्ये सापडलाय, म्हणजे काही नवीन बातमी नाही, तरी "एक इंजेक्शन मारलं की महिनाभर गोचीड नाही" असं छातीठोक सांगणारे आहेतच. गोचिडीवर ते काही भरवशाचं औषध नाही, मग कशाला ही जोखीम?

वजनाचा मुद्दा सांगायलाच हवा कारण सगळ्यात जास्त काटकसर तिथे होते. मोठ्या कुत्र्याची गोळी आणायची आणि तिचे चार तुकडे करून चार लहान कुत्र्यांना द्यायचे. गोळीत औषध सगळीकडे सारखं मिसळलेलं असेल याची खात्री नसते, एका तुकड्यात जास्त तर एकात कमीच, म्हणजे एकाला ओव्हरडोस आणि दुसऱ्याला गोळी देऊनही गोचिडी. ज्या वजनगटाचं खोकं तेच आणा, आणि पिल्लू वाढतंय तर दर वेळी वजन करा, दोन महिन्यांपूर्वीचं वजन सांगू नका. प्रत्येक औषधाला कमीत कमी वय आणि कमीत कमी वजन ठरलेलं असतं, आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला तर यातली बरीचशी चालत नाहीत, तिथे चिमटा आणि चिकाटी, आणि आईवर उपचार, पण तेही डॉक्टरांना ती दूध पाजतेय हे सांगून. इतक्या लहान पिल्लाच्या अंगावर पन्नासेक गोचिडी असल्या तर नुसतं रक्त पिऊनच त्या त्याला मारू शकतात, ताप वगैरे यायचीही गरज नाही. हिरडी पांढरट दिसली की उशीर करू नका.

गोळी दिली आणि दोन दिवसांनी अंगावर गोचीड दिसली की फोन येतो, "औषध लागू पडलं नाही, परत एक देऊ का?" नका देऊ!! ती नवीन चढलेली असते, घरातून, आणि ती पण मरणार असते. काही मेलेल्या तशाच चिकटून राहतात, त्या ओढून काढाव्या लागतात. घरात पिढ्या तयार असतील तर औषध नीट चालू असूनही दोन-तीन महिने नव्या दिसत राहतात, कारण फटीतली शेवटची पिल्लं कुत्र्यावर येऊन मरायला तेवढा वेळ लागतो. इथेच लोक धीर सोडतात, औषध बदलतात, थेंबावर गोळी, गोळीवर स्प्रे, स्प्रेवर पट्टा, आणि मग कुत्र्याला उलट्या सुरू झाल्या की कशाने झाल्या ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. दोन औषधं एकत्र चालतात कधी कधी, नाही असं नाही, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. आणि थंडीत बंद करायचं हाही गैरसमज आहे, घरात ऊब असते, घरातल्या गोचिडीला बाहेरच्या ऋतूशी काय देणंघेणं? वर्षभर, तारीख न चुकवता. कॅलेंडरवर लिहा, मोबाइलमध्ये अलार्म लावा, काहीही करा.

घराचं काय करायचं? व्हॅक्युम असेल तर कडेकडेने, भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथून, पलंगाखालून, सोफ्याच्या शिवणीतून, आणि त्यातला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर. कुत्र्याचं अंथरूण कडक गरम पाण्यात. तपकिरी गोचीड वर चढते, म्हणून नुसतं जमिनीकडे बघून भागत नाही, दाराच्या चौकटीचा वरचा भाग, फोटोफ्रेमच्या मागे, पडद्याचा दांडा, तिथे बघा, अंडी आणि मादी तिथेही सापडते. भेगा बुजवा. फारच झालं असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा पण त्यांना गोचीड आहे असं स्पष्ट सांगा, झुरळांची जेल लावून जातील नाहीतर, आणि एकदा फवारून भागत नाही, काही आठवड्यांनी परत लागतं. मांजर, मासे, पक्षी असतील तर तेही आधी सांगा, फवारणी सुकेपर्यंत सगळ्यांना बाहेर.

अंगावरची काढायची तर टोकदार चिमटा, कातडीच्या अगदी लगत धरायची आणि सावकाश सरळ वर ओढायची. झटका नाही, पिळणं नाही, काडीने चटका देणं नाही, व्हॅसलिन नाही, नेलपॉलिश तर अजिबातच नाही, असल्या प्रकारांनी ती सुटायला वेळ लावते आणि तेवढा वेळ रोग शिरायला मिळतो. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर उकरत बसू नका, तो आपोआप बाहेर येतो, फक्त जागा स्वच्छ ठेवा. काढलेली गोचीड नखाने फोडू नका, तिच्यातले काही जंतू माणसालाही होतात, स्पिरिटच्या बाटलीत टाका. कुत्र्याला स्वतःच्या दातांनी पण काढू देऊ नका, कारण हेपॅटोझून नावाचा एक परजीवी असा आहे की तो चावल्याने होतच नाही, गोचीड गिळल्याने होतो.

आणि एवढं करूनही टिक फिव्हर झालाच तर? अर्लिकियाची लक्षणं चावल्यापासून एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, तोवर गोचीड कधीच पडून गेलेली असते, म्हणून "आमच्याकडे एकही गोचीड नाही, टिक फिव्हर कसा होईल" हा युक्तिवाद चालत नाही. ताप, खाणं सोडणं, गळून जाणं, गाठी सुजणं, नाकातून रक्त, पोटावर लाल-जांभळे ठिपके. लघवी चहासारखी किंवा लाल झाली तर बबेसिया असू शकतो आणि तेव्हा तासांचा हिशोब असतो, दिवसांचा नाही. काही कुत्री पहिल्या तापातून वरवर बरी होतात, मग महिने, कधी वर्षं छान असतात आणि जंतू आतच असतो, पुढे बोनमॅरोवर घाला घालतो. जर्मन शेफर्डना हे जास्त जड जातं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याची बरीच कुत्री याच रोगाने मेली, ती मुख्यतः जर्मन शेफर्डच होती, आणि त्यानंतर कुठे जगाने हा रोग नीट मनावर घेतला. ऑस्ट्रेलियाला तर आपल्याकडे हा नाहीच असं वाटायचं, २०२० च्या मे महिन्यात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कुत्र्यांमध्ये सापडला.

उपचारातही सगळ्यांना एकच माप नाही. अर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन, नेहमीचा कोर्स २८ दिवसांचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, हे नको. गोळी कोरडी ढकलू नका, सोबत खाणं किंवा पाणी द्या, घशात अडकली तर अन्ननलिकेला इजा करते. बबेसियाच्या मोठ्या प्रकाराला इमिडोकार्बचं इंजेक्शन, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोन, दुखतं, लाळ गळते, पण काम करतं. बबेसिया गिब्सोनी नावाचा जो लहान प्रकार आहे त्याला मात्र ते पुरेसं लागू पडत नाही, तिथे अटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन ही जोडी लागते. म्हणून रक्त न तपासता "टिक फिव्हरचा कोर्स" सुरू करू नये असं मी म्हणते, कुत्रं फारच वाईट असेल तर डॉक्टर आधी सुरू करतील आणि रक्त काढून ठेवतील, ते ठीक. स्मिअरमध्ये, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्यात, काही दिसलं नाही म्हणजे रोग नाही असंही नसतं. झटपट किटवरची अँटीबॉडी टेस्ट पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते आणि बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्हच राहू शकते, त्यामुळे कोर्स संपल्यावर किटवर परत रेघ उमटली म्हणून घाबरून दुसरा कोर्स सुरू करू नका, प्लेटलेट्स किती आल्या आणि कुत्रं खातंय का ते बघा, शंका राहिली तर पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी.

तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. पुढच्या वेळी या पानावर औषधांचं काही छापाल तेव्हा ते एखाद्या पशुवैद्याच्या नजरेखालून घालून मगच छापा, आणि ज्या उपायांमुळे इजा होते ते आधी सांगा, शेवटच्या ओळीत नको. दुसरी मागणी खरंतर औषध कंपन्यांकडे आहे पण तुमच्या पेपरातून ती त्यांच्यापर्यंत पोचेल म्हणून लिहिते. खोक्याच्या आत सहा घड्या घातलेला, भिंग लावून वाचायचा जो कागद असतो त्यात "मांजरांसाठी वापरू नये" लिहिलेलं असतं, ते खोक्याच्या पुढच्या बाजूला, ब्रँडच्या नावाएवढ्या अक्षरात, मराठीत, फुली मारलेल्या मांजराच्या चित्रासकट यायला हवं, आणि थेंबांच्या प्रत्येक नळीवर पण, कारण नळ्या सुट्या विकल्या जातात आणि खोकं दुकानातच राहतं.

आपली,
एक वाचक